दगडी घरातला हिवाळा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी क्रीटमधल्या आमच्या घराबद्दल दोन पानं लिहिली होती. माझे मिस्टर बियाण्याच्या कंपनीत नोकरीला, त्यामुळं ग्रीसच्या या बेटावर आम्ही सहा हिवाळे काढले, गाव लासिथी भागात डोंगराच्या उतारावर, खाली समुद्र दिसायचा, आणि लातूरहून गेलेली मी पहिल्या डिसेंबरात घरात बसून दातावर दात आपटत होते, एवढंच त्यात होतं. त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की संपादकांनी हा अंकच मोकळा करून दिला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही पण जे प्रश्न परत परत आलेत ते घेतलेत.

ताई, माझा मुलगा इटलीत दक्षिणेला पुलिया भागात शिकायला गेलाय. शहरात भाडं परवडत नाही म्हणून जवळच्या गावात जुन्या घरात राहायलाय. म्हणतो आई बाहेर 12 डिग्री असतं पण घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गार वाटतं, अंथरूण ओलं लागतं, भिंतीला काळे ठिपके आलेत. युरोपात सगळीकडं हीटर असतात असं ऐकलं होतं. मी त्याला काय पाठवू? (एक आई, लातूर)

तुमचा मुलगा अगदी खरं सांगतोय, त्याला आजारी बिजारी समजू नका. मला पण कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आपल्या डोक्यात युरोप म्हणजे बर्फ आणि आत उबदार खोल्या. ते जर्मनीकडं. भूमध्य समुद्राच्या काठची जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत, दोन अडीच फूट जाड दगडी भिंती, बारक्या खिडक्या, उंच छत, खाली दगड नाहीतर फरशी. जुलैत अशा घरात पाय ठेवला की जीव थंड होतो. पण तेच घर डिसेंबरात थंडी धरून बसतं. आणि दुसरी गोष्ट जी आपल्याला पटकन लक्षात येत नाही ती म्हणजे तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा ठणठणीत, जून ते ऑगस्ट ढग सुद्धा दिसत नाही, आणि ऑक्टोबर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस. म्हणजे आपला श्रावण आणि आपला पौष एकाच वेळी, एकाच घरात. आपण कोरड्या थंडीची माणसं, आपल्याकडं थंडीत धुणं दोन तासात वाळतं, तिथं माझ्या लेकराचे पायमोजे तीन तीन दिवस ओले राहायचे.

ते काळे ठिपके बुरशीचे. भात शिजवला, अंघोळ केली, ओले कपडे आत टांगले, नुसता रात्रभर श्वास घेतला तरी हवेत वाफ सुटते, आणि ती गार भिंतीला लागली की तिचं पाणी होतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना तसं. उत्तरेच्या भिंतीला, कपाटाच्या मागं, पलंगाच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त. माझी लग्नातली पैठणी अशीच गेली. कपाट भिंतीला घट्ट टेकवून ठेवलेलं होतं, जानेवारीत संक्रांतीला नेसावी म्हणून काढली तर पदरावर हिरवट पांढरी बुरशी आणि घडी उलगडली तशी जरीच्या कडेनं फाटतच गेली. आईनं पैठणहून घेतलेली. मी त्या दिवशी खूप रडले. शेजारच्या म्हातारीनं, आम्ही तिला याया म्हणायचो, याया म्हणजे आजी, तिनं येऊन काही न बोलता पहिल्यांदा कपाट वीतभर पुढं ओढलं.

तर मुलाला हे सांगा. कपाट पलंग भिंतीपासून वीतभर लांब. दुपारी बाहेर जरा ऊन असेल तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि परत बंद, दिवसभर फट ठेवायची नाही, त्यानं भिंत गार होत जाते. ठिपक्यांवर व्हिनेगर लावून पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. घरमालकाला विचारून चुना मारता आला तर फार चांगलं, बुरशीला चुना मानवत नाही आणि दगडी भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडतो, प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते. ओले कपडे झोपायच्या खोलीत टांगायचे नाहीत. हवेतला ओलावा ओढणारी मशीन मिळते तिकडं, तिचा डबा आम्ही पावसाळी दिवसात रोज दोन दोन लिटर पाण्यानं भरलेला ओतायचो, ते पाणी आधी आमच्या गाद्यांत जात होतं.

आणि हीटर. दक्षिणेच्या गावात जुन्या घरांना कित्येकदा नसतोच, असला तरी बिलाच्या भीतीनं लोक दिवसातून दोन चार तास लावतात. खोलीत एसी असेल तर त्यालाच गरम हवेवर टाकायला सांगा, तारा लाल होणाऱ्या हीटरपेक्षा तेवढ्याच विजेत दुप्पट तिप्पट ऊब देतो. पण सगळं घर गरम करायच्या नादी लागायचं नाही. एक खोली धरायची. तिथली सगळी गावं हिवाळ्यात एका खोलीत राहतात, तिथंच जेवण, तिथंच अभ्यास, दाराखाली जुन्या कापडाची गुंडाळी.

सामानात लोकरीचे पायमोजे चार जोड, जाड रबरी तळाची सपाता (थंडी तिथं पायातून चढते), अंगात घालायचे पातळ गरम कपडे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी द्या. येसर, जवसाची चटणी, कारळाची चटणी द्या, भाजलेलं कोरडं असतं टिकतं. तूप, खवा, पेढे देऊ नका, दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरच्या देशातून युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात आणि लेकराला उगाच ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या परभणीत पारा पाच सहापर्यंत उतरतो. तुमच्या क्रीटमध्ये रात्री सात आठ. मग एवढं काय? आमचं जुनं माळवदाचं घर आहे, जाड मातीच्या भिंती, थंडीत आत ऊबच असते. त्यांच्या जाड भिंतींना काय झालं? (परभणी)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण मी स्वतः दोन वर्ष याच प्रश्नात होते.

आधी हे सांगते की घरं खरंच सारखी आहेत. क्रीटमधल्या जुन्या घरांची छपरं सपाट, लाकडी तुळया, त्यावर काटक्या वेत, आणि वर एका खास चिकण मातीचा थर, लेपिदा म्हणतात तिला. पाऊस सुरू व्हायच्या आधी ती माती परत घालून चोपायची, आपण मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकतो तसंच, फक्त त्यांचा मृग ऑक्टोबरात. आता बहुतेक घरांवर स्लॅब आलाय, पण आमच्या यायाच्या कोठीवर अजून मातीचं छप्पर होतं आणि तिथं उभं राहिलं की मला आमच्या औशाकडच्या आजोळची आठवण यायची.

फरक उन्हाचा आहे. जाड भिंत काही स्वतः गरम नसते, तिला दिवसा मिळेल ते साठवते आणि रात्री सोडते. परभणीत डिसेंबरात पहाटे पाच सहा असलं तरी दुपारी 28, 30 पर्यंत जातंच, आभाळ निरभ्र, तुमची भिंत रोज भरते आणि रोज रात्री तुम्हाला देते. तिथं दुपारी 12 किंवा 13, त्यात ढग, पाऊस. सूर्य सुद्धा खाली असतो, 21 डिसेंबरला भर दुपारी क्रीटमध्ये तो क्षितिजापासून 31, 32 अंशच वर येतो, लातूरला 48 च्या आसपास. दिवस पावणेदहा तासांचा, आपला अकराचा. त्यामुळं नोव्हेंबरात एकदा भिंत गार झाली की ती मार्चपर्यंत भरतच नाही, उलट तुमच्या अंगातली आणि चुलीतली ऊब ओढत बसते. भिंत तीच, पण तिला वाढणारं ऊन नाही.

मधे मधे मात्र ऊन पडतं हां. डिसेंबरच्या मध्यापासून पुढं, जास्त करून जानेवारीत, आठ पंधरा दिवस वारा पडतो, आभाळ स्वच्छ, समुद्र तेलासारखा. त्याला आल्क्योनीचे दिवस म्हणतात, आल्क्योनी म्हणजे आपला खंड्या पक्षी, जुनी गोष्ट अशी की तो या दिवसात अंडी उबवतो म्हणून देवानं वारा थांबवला. त्या दिवसात अख्खं गाव गाद्या, उशा, गालिचे कठड्यावर टाकतं. मी पण माझं सगळं कपाट बाहेर काढायची. आणि दक्षिणेचा वारा सुटला तर धुणं लगेच आत, तो आफ्रिकेच्या वाळवंटातली धूळ घेऊन येतो आणि त्यात पाऊस आला की चिखलाचे तांबडे थेंब पडतात, पांढऱ्या चादरीवर ते डाग राहून जातात.

आमच्या शेतातल्या घरी म्हातारी माणसं थंडीत खोलीत निखाऱ्याची शेगडी घेऊन झोपतात. तुमच्या तिकडं पण असंच करतात का? (हिंगोली)

करायचे. आणि कृपा करून तुमच्या घरी हे आजच थांबवा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

दार खिडक्या लावलेल्या खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला लागत नाही, खोकला येत नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही असं आपल्या लोकांना वाटतं आणि धूर गेलेले लाल निखारेच खोलीत नेतात, पण हा वायू त्यातूनच निघतो. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशे पटीपेक्षा जास्त जोरानं चिकटतो. आधी डोकं जड, मळमळ, चक्कर, आणि झोपेत असलेल्या माणसाला तर तेही कळत नाही. गवऱ्या, बाभळीचा कोळसा, तुऱ्हाट्या पऱ्हाट्यांचा निखारा, सगळ्याला हेच लागू. कुणाला सकाळी उठल्यावर डोकं दुखतंय आणि बाहेर अंगणात आलं की बरं वाटतंय असं होत असेल तर शेगडीच कारण आहे असं धरून चाला, दार उघडून त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या.

ग्रीसमध्ये अशा शेगडीला मंगाली म्हणतात, पितळेची असते, आता बहुतेक घरात शोभेला. स्पेनमध्ये गोल टेबल असतं, त्यावर जमिनीपर्यंत जाड कापड, आणि टेबलाखाली बारीक कोळशाची परात, सगळं घर त्या कापडाखाली पाय घालून बसायचं, जेवण पण तिथंच, पत्ते पण तिथंच. आता त्या परातीच्या जागी विजेचं यंत्र असतं पण टेबल तेच. इटलीत तर अंथरूण गरम करायला लाकडी सांगाडा असायचा, निखाऱ्याचं मडकं त्यात टांगून पांघरुणाखाली सरकवायचं आणि झोपायच्या आधी काढून घ्यायचं, त्या सांगाड्याला ते लोक प्रेते म्हणायचे, म्हणजे पाद्री. पाद्रीबुवा अंथरुणात आधी झोपतात म्हणून.

आमच्या घरात होता सोबा, म्हणजे लोखंडी बंद चुल्हा, दाराला काच आणि वरून पत्र्याचं नळकांडं भिंतीतून बाहेर. त्याचा धूर आणि वायू बाहेर जातो म्हणून तो चालतो, तरी आम्ही खोलीत वायूचा अलार्म लावलेला होता. लाकडाचं मात्र शिकावं लागलं. पहिल्या वर्षी एका विक्रेत्यानं आम्हाला ऑलिव्हची ताजी तोडलेली लाकडं वाळलेली म्हणून दिली. पेटवली की फुसफुस आवाज, टोकातून पाणी उकळून बाहेर यायचं, काच काळी, खोली गारच. यायानं दोन ढलप्या उचलून एकमेकांवर आपटल्या, ठप्प असा आवाज आला, मग तिच्या घरून दोन आणून आपटल्या, ठण्ण वाजल्या. वाळलेलं लाकूड वाजतं. जाणकार म्हणतात ओल 20 टक्क्यांच्या आत पाहिजे, ऑलिव्हसारख्या जड लाकडाला त्यासाठी दीड दोन वर्ष सावलीत, वरून झाकून, बाजूनं वारा लागेल असं रचून ठेवावं लागतं. ओल्या लाकडाचा चिकट काळा थर नळकांड्यात बसतो आणि तोच एखाद्या दिवशी पेट घेतो, म्हणून दरवर्षी ऑक्टोबरात नळकांडं उतरवून साफ करायचं. हिवाळ्याला आम्हाला तीन टनाच्या आसपास लाकूड लागायचं. काही घरात ऑलिव्हच्या बियांचा आणि चोथ्याचा भुसा जाळतात, तेल काढून उरलेला, म्हणजे आपली सरकी पेंडीची गत, वाया काही जात नाही.

थंडीत जेवायला काय असतं तिकडं? भाकरीची आठवण येत होती का? (बीड)

भाकरीची आठवण रोज. पीठ संपलं की डोळ्यात पाणी.

पण तिथल्या बायकांचं थंडीतलं जेवण मला परकं वाटलं नाही. पहिला पाऊस पडला की पंधरा दिवसात डोंगर हिरवे होतात, म्हणजे आपल्याकडं आषाढात होतात तसे, फक्त थंडीत. मग याया सुरी आणि पिशवी घेऊन निघायची, मी मागं. रानभाज्यांना सगळ्यांना मिळून होर्ता म्हणतात. त्यात एक पान दिसलं, मी थांबलेच, आपली पाथरी! तीच नाही, पण तिची बहीण नक्की, तसंच दातेरी पान, तोडलं की तसाच पांढरा चीक, तशीच कडसर चव. आपण ज्वारीच्या रानात बसून भाकरीबरोबर कच्ची खातो, ते उकडून, पाणी काढून, वरून ऑलिव्हचं तेल आणि लिंबू पिळून खातात. लिंबं संत्री तिकडं ऐन थंडीतच पिकतात, अंगणातल्या झाडावरून हात वर करून तोडायची. उकडलेलं पाणी पण फेकत नाहीत, लिंबू पिळून पितात.

दुसरं म्हणजे क्सिनोखोंद्रोस. नाव अवघड आहे पण वस्तू आपल्या ओळखीची. ऑगस्टच्या उन्हात बकरीचं आंबवलेलं दूध आणि गव्हाचा भरडा एकत्र शिजवायचा, त्याचे गोळे तोडून कापडावर वाळवायचे, आपले सांडगे घालतो तसे. थंडीत मूठभर गोळे पाण्यात टाकले की आंबट दाट सूप. मला ते पहिल्यांदा प्यायल्यावर येळवशीची आंबील आठवली, आंबटपणा तोच, फक्त हे गरम. उन्हाळ्यात वाळवण करून ठेवायचं आणि अडचणीच्या दिवसात काढायचं हे तिथल्या बाईला आणि आपल्या बाईला वेगवेगळ्या कुणी शिकवलं असेल असं वाटतच नाही.

बाकी पांढऱ्या घेवड्याचं सूप, गाजर, सेलरी, टोमॅटो, भरपूर तेल. जवाची कडक भाकरी, पाक्सिमादी म्हणतात, दोनदा भाजलेली, महिनोनमहिने टिकते, पाण्याचा हात लावून मऊ करायची आणि वर तेल. सोलापूरकडची कडक भाकरी खाल्लेल्यांना सांगायला नको. आणि सोब्याच्या राखेत बटाटे. ते भाजून फुटले की मीठ घालून हातानं सोलून खायचे, आगटीतल्या हुरड्यासारखी बोटं काळी होतात.

ऑलिव्हची काढणी थंडीतच असते असं वाचलं. एकराला किती निघतं? आपल्या भागात लावावं का? (एक शेतकरी, धाराशिव)

एकराचं सांगायला मी शेतकरी नाही दादा, काढणीला गेले तेवढं सांगते. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत सगळं गाव रानात असतं. झाडाखाली मोठ्या जाळ्या अंथरतात, फांद्या काठीनं नाहीतर मशीनच्या दांड्यानं झोडतात, फळं जाळीवर, पाला काढून 50 किलोची पोती. आमच्याकडची जात कोरोनेइकी, फळ बोराच्या बी एवढंच पण तेल जास्त, साधारण चार पाच किलोला एक लिटर. पोती त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलीच पाहिजेत, पडून राहिली तर तेल आंबतं. झाडावरचं फळ तोंडात टाकू नका कुणी, निंबोळीपेक्षा कडू, महिनाभर पाण्यात मिठात मुरवल्याशिवाय खाता येत नाही.

गिरणी रात्री पण चालू असते. गिरणीवाला मजुरी म्हणून तेलातलाच हिस्सा ठेवून घेतो. पहिलं तेल हिरवंगार, घशाला झोंबतं. तिथंच शेगडीवर पाव भाजून त्यावर ते ओततात, उभ्यानं खातात. आमच्या आजोबांच्या काळात लाकडी घाण्यावर करडई गाळायचे तेव्हा पोरं भाकरीचा तुकडा घेऊन उभी राहायची असं आई सांगते, मला ते बघायला मिळालं नाही, हे मिळालं.

लावायचं म्हणाल तर विचार करा. त्या झाडाला हिवाळ्यात पाऊस, फुलायच्या आधी थंडीचे दोन तीन महिने आणि उन्हाळा कोरडा लागतो. आपल्याकडं सगळं उलट, जूनपासून काळ्या रानात पाणी साचतं आणि ऑलिव्हच्या मुळाला साचलेलं पाणी चालत नाही. रोपं विकणारे खूप गोड बोलतात, त्यांना झाडाला फळ आलेलं आपल्या भागातलं रान दाखवा म्हणा आधी. करडईला काय वाईट आहे.

अंघोळीला गरम पाणी? (नांदेड)

छतावर सोलर, जवळजवळ प्रत्येक घरावर. ढगाळ दिवसात तो तापत नाही, मग त्याच टाकीतलं विजेचं बटण अर्धा तास आधी चालू करायचं आणि अंघोळ पटकन आटपायची. डोक्यावरून अंघोळ फक्त दुपारी.

हिवाळ्यात बायका दिवसभर काय करतात? एकटं वाटत नाही का? (अंबाजोगाई)

उन्हाळ्यात एकटं वाटायचं उलट, तेव्हा सगळे खाली समुद्राकाठच्या हॉटेलांत कामाला. थंडीत पर्यटक गेले की काठची दुकानं बंद आणि माणसं गावात परत. दिवसा ऑलिव्ह. संध्याकाळी साडेपाचला अंधार, मग कुणा एकाच्या घरी सगळ्या जमायच्या, त्याला वेंगेरा म्हणतात. एकाच घरचं लाकूड जळतं आणि दहा माणसं शेकतात. अक्रोड फोडायचे, चेस्टनटला सुरीनं चीर देऊन सोब्यावर ठेवायचे (चीर दिली नाही तर फुटून उडतात), संत्र्याची साल तापलेल्या लोखंडावर टाकायची की खोलीभर वास. मला भाषा येत नव्हती तेव्हा पण बोलवायच्या. मी शेंगदाणे भाजून न्यायची.

1 जानेवारीला केक कापतात, वासिलोपिता, आत एक नाणं लपवलेलं. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग घराचा, मग वयानं मोठ्यापासून लहानापर्यंत. तिसऱ्या वर्षी यायानं माझ्या नावाचा तुकडा काढला, आमच्या सासूबाईंच्या नावाचा पण काढला, ज्यांना तिनं कधी बघितलं नव्हतं. नाणं सासूबाईंच्या तुकड्यात निघालं. लातूरला फोन लावून सांगितलं तर त्या म्हणल्या, ते नाणं देवापुढं ठेव.

आपल्या वाकळेसारखं काही असतं का तिकडं? (माजलगाव)

असतं. कुरेलू. जुन्या कपड्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडायच्या, त्यांचे गुंडे करायचे आणि हातमागावर विणायचे, रंगीत पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी होते. आपली वाकळ शिवलेली, ती विणलेली, एवढाच फरक. ऑक्टोबरात सगळ्या फरशीवर कुरेलू आणि गालिचे अंथरतात आणि मे महिन्यात धुऊन गुंडाळून माळ्यावर.

मी जाताना आजीच्या हातची वाकळ नेली होती, नऊवारी लुगड्यांची. यायानं ती पहिल्यांदा बघितली तेव्हा उलटी केली आणि टाके बघितले, बोटानं एक ओळ शेवटपर्यंत मोजत गेली. परत यायच्या आदल्या दिवशी मी ती तिला दिली. तिनं आत जाऊन एक कुरेलू आणली, आता आमच्या लातूरच्या हॉलमध्ये आहे. त्यात तीन निळ्या पट्ट्या आहेत, तिच्या मालकांच्या कामाच्या शर्टाच्या, आणि एका पट्टीत शिलाईचं काज अजून तसंच आहे.